हलणारा सूर आणि हलणारा गळा

गेल्या महिन्यात या सदरात मी एका ओळीत लिहून गेले होते, "नाट्यपद म्हणताना उगाच आवाज हलवू नये." त्यातला 'उगाच' कुणी वाचला नाही असं दिसतं. अकरा पत्रं आली, मोबाइलवरचे निरोप वेगळेच. एका गृहस्थांनी तर मला 'कंपद्वेष्टी' अशी पदवीच देऊन टाकली. तेव्हा या वेळी दुसरं काही नाही, फक्त हा हलणारा सूर. पाच पत्रं निवडली आहेत.

प्रश्न: माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. आठवड्यातून दोनदा गुरुजींकडे शास्त्रीय गाणं शिकते आणि शनिवारी पाश्चात्त्य पद्धतीचं. शनिवारच्या बाई म्हणतात, लांब सुरावर व्हायब्रेटो यायलाच हवा. गुरुजी म्हणतात, सूर काठीसारखा सरळ ठेव. पोर रडकुंडीला आली आहे. कुणाचं ऐकायचं? (एक आई, पुणे)

उत्तर: दोघांचंही ऐकायचं. वार तेवढे सांभाळायचे.

आधी व्हायब्रेटो म्हणजे काय ते सांगते. गाणारी एकच सूर धरून उभी असते आणि आपल्यालाही एकच सूर ऐकू येतो. प्रत्यक्षात तो सेकंदाला पाच ते सात वेळा वर-खाली होत असतो. हे वर-खाली होणं किती, तर साधारण सा आणि कोमल रे यांच्यात जेवढं अंतर, तेवढं किंवा जरा अधिक. आपला कान त्याचा मध्य काढतो आणि त्यालाच सूर म्हणतो. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या कार्ल सीशोअर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात मोठमोठ्या गायकांच्या आवाजाचे आलेख काढून हे मोजलं होतं.

आपल्याकडे याचा हिशेब त्याच्या सातशे वर्षं आधी झाला, आणि तोही आपल्या देवगिरीला. यादवांच्या सिंघण राजाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. हा माणूस दरबारात हिशेबखात्याचा अधिकारी होता. म्हणूनच की काय, याला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. गमक म्हणजे ऐकणाऱ्याच्या चित्ताला सुख देणारा स्वराचा कंप, अशी त्याने व्याख्या केली आणि त्याचे पंधरा प्रकार सांगितले. त्यातले पहिले काही त्याने वेगावरून लावले आहेत. तिरिप सगळ्यात जलद, लहानशा डमरूच्या आवाजासारखा. मग स्फुरित, कंपित, लीन आणि सावकाश झुलणारा आंदोलित.

आता खरी गंमत. याच ग्रंथात दुसरीकडे गायकाचे पंचवीस दोष दिले आहेत. घाबरून गातो तो भीत, कावळ्यासारखा गातो तो काकी, बोकडासारखं तोंड करतो तोही एक आहेच. आणि त्या यादीत पुन्हा तोच शब्द, 'कंपित'! एकाच पोथीत एका पानावर अलंकार, दुसऱ्या पानावर दोष. फरक कुठे, तर दोषाच्या व्याख्येत 'स्वभावात्' असा शब्द आहे. ज्याचं अंग आणि आवाज आपसूकच थरथरतो, तो सदोष. ज्याला थांबवता येतं आणि तरी जो हलवतो, तो गमक घेतो.

तेव्हा मुलीला एवढंच सांगा, की गुरुजी तिला थांबवायला शिकवताहेत आणि शनिवारच्या बाई सोडायला. गुरुजींच्याही गाण्यात सूर हलतोच. दरबारीचा कोमल गंधार हलतो, भैरवाचा कोमल रिषभ हलतो. पण तो हक्क त्या स्वराचा आहे. यमनाचा गंधार तसा झुलवला, तर गुरुजी तंबोरा खाली ठेवतील आणि ते बरोबरच आहे. आपल्याकडे हलणं स्वराच्या मालकीचं, तिकडे ते गळ्याच्या मालकीचं. तिकडचा तयार गळा कुठल्याही लांब सुरावर हलतो आणि त्यांना तो त्या माणसाच्या सहीसारखा वाटतो. एकाच मुलीच्या गळ्यात दोन्ही राहू शकतं. मराठी बोलताना 'ळ' म्हणतो आणि हिंदीत तो सोडून देतो, तितकंच ते सोपं आहे. पण हे सोपं व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर रडली तर रडू द्या.

प्रश्न: आम्ही दोघं दर वर्षी ब्रॉडवेवर एक तरी म्युझिकल बघतो. तुम्ही मुलाकडे येऊन राहता तेव्हा तुम्हीही बघता असं मागे लिहिलं होतं. तुमचे आवडते व्हायब्रेटोचे क्षण सांगाल का? नाट्यसंगीतातलेही चालतील. (एक दांपत्य, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर: चालतील कसले, धावतील.

पहिला क्षण तुमच्या गावाजवळचाच. गर्शविन थिएटर, ब्रॉडवेवरचं सगळ्यात मोठं, १,९०० च्या आसपास खुर्च्या. त्यातल्या अगदी वरच्या, मागच्या एका खुर्चीत मी, पायांत लोकरीचे मोजे, पर्समध्ये चकल्या. नाटक 'विकेड', २००३ पासून तिथेच चाललेलं. पहिली चाळीस मिनिटं मी मनातल्या मनात कुरकुरत होते. गालाला चिकटवलेले माइक, ऑर्केस्ट्राचा दणका, आणि पोरी छातीच्या आवाजात वरच्या पट्टीत ओरडताहेत असं वाटत होतं. त्याला तिकडे 'बेल्टिंग' म्हणतात. आमच्या सांगलीत दुसरा शब्द आहे, तो छापता येणार नाही.

मग पहिल्या अंकाचा शेवट आला. हिरव्या रंगाची ती मुलगी जमिनीपासून वर उचलली जाते आणि 'डिफाइंग ग्रॅव्हिटी' हे गाणं शिखरावर जातं. त्या रात्रीच्या नटीने एक लांब सूर लावला, अगदी सरळ. मला सवय आहे, मी बोटांवर मोजायला लागले. एक, दोन, तीन. सूर ताणलेल्या तारेसारखा. चौथ्या बोटावर तिने तो सोडला आणि त्यात कंप आला. आधी बारीक, मग रुंद. माझ्या शेजारच्या अनोळखी बाईने माझा हात धरला होता, हे मला दिवे लागल्यावर कळलं. घरी येऊन मुलाला म्हटलं, "ती आधी तीन मोजेपर्यंत गप्प राहिली म्हणून चौथ्याला रडू आलं." तो म्हणाला, "आई, ती ओरडत होती, गप्प कुठे होती?" त्याला नाही कळायचं. तो इंजिनिअर आहे.

त्या दिवसापासून माझी एक कसोटी ठरून गेली. कंप लावायचा नसतो, सोडायचा असतो. जो पहिल्या क्षणापासून हलतोय, त्याच्याकडे सोडायला उरतंच काय?

दुसरा क्षण मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही, चित्रीकरणावर पाहिला. ऑड्रा मॅक्डॉनल्ड ही ज्युलिअर्ड संस्थेत पाश्चात्त्य शास्त्रीय गाणं शिकलेली. तिचा स्वतःचा व्हायब्रेटो भरघोस, गोल, ऑपेराच्या घराण्याचा. २०१४ साली ब्रॉडवेवर ती जॅझ गायिका बिली हॉलिडे झाली. १९५९ साल, फिलाडेल्फियातला एक छोटा बार, आणि मरणाच्या काही महिने आधीची बिली. बिलीच्या गाण्यात ओळीच्या अगदी शेवटी एक छोटा, घाईचा कंप यायचा, जणू सूर टेबलावर ठेवताना हात हलला. ऑड्राने स्वतःची ती गोल लाट सबंध दीड तास बाजूला ठेवली आणि बिलीचा हा हात हलणं उचललं. त्या कामाला तिला सहावा टोनी पुरस्कार मिळाला. नक्कल अनेकांना जमते. स्वतःचा अलंकार उतरवून ठेवायला मात्र छाती लागते. आमच्याकडच्या एखाद्या तानबाज गायकाला सांगून बघा, की आज एकही तान घ्यायची नाही.

तिसरा कानावरचाच, १९८५च्या लंडनच्या 'ले मिझराब्ल'चा. कॉल्म विल्किन्सन याच्या गळ्यासाठी बेतलेली ती प्रार्थना, 'ब्रिंग हिम होम'. शेवटच्या लढाईच्या आदल्या रात्री म्हातारा जाँ व्हालजाँ झोपलेल्या पोराकडे बघून देवाला म्हणतो, याला घरी जाऊ दे. धिप्पाड माणसाचं पात्र, पण गाणं जवळजवळ सगळं वरच्या, हलक्या, डोक्यातल्या आवाजात. शेवटच्या सुरात कंप आहे, पण तो कान देऊनच ऐकावा लागतो. समईची ज्योत वारा नसतानाही जरा हलते, तसा.

हे गाणं लागलं की माझ्या डोक्यात लगेच दुसरी तबकडी सुरू होते. 'कान्होपात्रा'तलं बालगंधर्वांचं 'जोहार मायबाप'. नाटक १९३१चं, शब्द चोखोबांचे. तीही प्रार्थनाच, आणि तीही दाराबाहेर उभं राहून केलेली. गंधर्वांचा आवाज तिथे हलतो असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वडील म्हणायचे, "गंधर्वांचा सूर वाकतो, मोडत नाही." एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना ते मधल्या जागेत किंचित रेंगाळतात आणि तेवढ्या रेंगाळण्यात जी थरथर येते, ती मोजायला सीशोअरचा आलेखही कमी पडला असता. १९१६च्या 'स्वयंवर'मधलं भास्करबुवा बखल्यांनी बसवलेलं 'नाथ हा माझा' ऐका. यमन आहे. शांतपणे ऐका, पोळ्या लाटताना नको.

पुष्कळ लोक मला दीनानाथांचं नाव सुचवतात. १९२७च्या 'रणदुंदुभी'तलं 'परवशता पाश दैवे' मलाही जीव की प्राण आहे, पण ते या यादीत बसत नाही. दीनानाथांचा सूर हलत नाही, तो चमकतो आणि जागा बदलतो. वीज थरथरते असं आपण म्हणत नाही.

वसंतराव देशपांडे मात्र बसतात, जरा वेगळ्या दारातून. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ला आलं. मी ते सत्तरच्या दशकात तीनदा पाहिलं, त्यातलं एकदा विंगेतून, ऑर्गनच्या मागे स्टुलावर बसून. 'घेई छंद' दोन तऱ्हेने येतं. नाटकातले दोन गायक ते म्हणतात, पंडितजींचं ठायीचं आणि खाँसाहेबांचं अंगावर येणारं. खाँसाहेबांच्या गाण्यात वसंतराव गमक घ्यायचे ते छातीपासून, आणि विंगेतून मला त्यांच्या अंगरख्याची पाठ हललेली दिसायची. हा तिकडचा व्हायब्रेटो नव्हे. व्हायब्रेटो गळ्यात आपसूक होतो, गमक मजुरी करून आणावं लागतं. पण रसिकाच्या पाठीवर काटा दोन्हींनी येतो, म्हणून मी त्याला आवडत्यांत घातलं. नियम माझे आहेत.

जाता जाता एक ऐकीव क्षण. १९३०च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये एथेल मर्मन नावाच्या नव्या मुलीने 'गर्ल क्रेझी' या नाटकात एक सूर लावला आणि ऑर्केस्ट्रा खाली चाल वाजवत असताना तो सोळा बारपर्यंत, म्हणजे तालाचे सोळा तुकडे होईपर्यंत, सोडलाच नाही. माइक नव्हता. त्याच सुमाराला आपल्या नाटक कंपन्याही माइकशिवाय पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत गात होत्या. त्या सुरात कंप होता की नव्हता, हे सांगायला आज कोण आहे? मला विचाराल तर पहिले बारा बार सरळ असावेत आणि शेवटचे चार हलणारे. ही माझी इच्छा आहे, इतिहास नाही.

आणि नावडता क्षणही सांगते, माझाच. वयाच्या एकविसाव्या वर्षी एका स्पर्धेत मी 'एकच प्याला'तली सिंधू केली. 'कशि या त्यजू पदाला' म्हणताना आवाज असा काही थरथरला, की टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, काय भाव आहे! वडील ऑर्गनवर होते. रात्री टांग्यात म्हणाले, "सिंधू रडत नव्हती, तू भ्यायली होतीस." शार्ङ्गदेवाच्या यादीत दोन्ही जवळजवळच आहेत, भीत आणि कंपित. मला दोन्ही दोष एका पदात मिळाले. पुढच्या वर्षी मी गाणं सोडून ऑर्गनवर बसले आणि अठ्ठावीस वर्षं तिथेच राहिले. तक्रार नाही.

प्रश्न: मी बावीस वर्षांचा आहे. दशावतारात स्त्रीपार्ट करतो. यूट्यूबवर बघून पोट आत-बाहेर हलवून व्हायब्रेटो काढायला शिकतोय. थोडा येतो, पण नाटक संपेपर्यंत पोट दुखतं. काय चुकतंय? (कुडाळ)

उत्तर: बाबा रे, पोटच चुकतंय. कंप पोटाने पंप केल्यासारखा काढलास, तर तो सूर हलत नाही, नुसता वारा कमी-जास्त होतो. त्यात तुझं नाटक रात्री सुरू होणार आणि तांबडं फुटेपर्यंत चालणार. तेवढा वेळ भाताही चालत नाही, तुझं पोट काय चालणार?

असं कर. सकाळी पायपेटीवर सा धर. 'आ'कार. आधी सूर सरळ, दहा मोजेपर्यंत. आवाज मोठा नको, शेजारच्या खोलीत कळेल इतकाच. मग तोच सूर धरून हनुवटी सैल सोड, जीभ खालच्या दातांना टेकव, मानेला हळूच हो-नाही करू दे. काही दिवस काहीच होणार नाही. मग एक दिवस सातव्या-आठव्या मोजणीला सूर आपोआप झुलायला लागेल. तो आला की पकडायला जाऊ नकोस, मांजरासारखा तो पळतो.

दोन तपासण्या. हनुवटीखाली बोट लाव. सुराबरोबर हनुवटी हलत असेल तर तो जबड्याचा कंप, तो नको, कारण शब्द चावले जातात. दुसरं, मोबाइलवर रेकॉर्ड करून एका सेकंदात किती झोके पडतात ते मोज. पाच ते सात ठीक. आठ-नऊच्या पुढे गेलं की इटालियन लोक त्याला शेळीचा कंप म्हणतात, आणि आपल्या शार्ङ्गदेवाचा बोकड तुला आठवत असेलच.

आणि नाटकात वापरताना हात आखडता घे. तुझ्यामागे झांज आहे, पखवाज आहे, समोर देवळाचं अंगण. द्रौपदीने हाक मारली तर ती हाक सरळ जाऊ दे. गाण्याच्या शेवटच्या सुरावर एकदाच सोड. रात्रीत तीनदा आला तरी पुष्कळ झाला.

प्रश्न: वय ७४. नोकरीत असताना गणेशोत्सवात हौसेने नाट्यपदं म्हणायचो. आता ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर म्हणतो, पण लांब सूर धरला की आवाज डुलतो. मित्र हसत नाहीत, हेच जास्त लागतं. काही उपाय? (बेळगाव)

उत्तर: तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

आधी एक गोष्ट, आणि ती पहिली करा. नुसतं बोलतानाही आवाज थरथरतो का? चहाचा कप धरताना हात हलतो का? तसं असेल तर गाण्याच्या लोकांना विचारू नका, डॉक्टरांकडे जा. कान-नाक-घसावाले बघतील आणि गरज पडली तर मज्जासंस्थेच्या डॉक्टरांकडे पाठवतील.

बोलणं ठणठणीत असेल आणि फक्त लांब सूर डुलत असेल, तर ते वयाचं आहे. स्वरयंत्राचे स्नायू पातळ होतात, दम कमी पडतो, आणि कंपाचा वेग मंदावून पल्ला रुंद होतो. तरुणपणी सेकंदाला सहा बारीक झोके असतील, तिथे आता तीन-चार मोठे. मोठमोठ्या ऑपेरा गायकांचंही असंच होतं, तुम्ही एकटे नाही.

पट्टी उतरवा. काळी दोनमध्ये म्हणत असाल तर पांढरी एकला या. अभिमान पेटीच्या कुठल्याच पट्टीत नसतो. रोज दहा मिनिटं पेल्यात अर्धं पाणी घ्या, त्यात शरबताची नळी दोन बोटं बुडवा आणि बुडबुडे काढत नळीतूनच 'ऊ' असा सूर म्हणा, खालून वर आणि वरून खाली. पोरखेळ वाटेल, पण आवाजाचे उपचार करणारे तज्ज्ञ हेच करून घेतात. बुडबुडे एकसारखे आले की समजायचं, दम एकसारखा जातोय.

आणि पदं बदला. ज्यात शेवटचा सूर ताणावा लागतो ती तूर्त ठेवून द्या. 'सौभद्र'मध्ये बोलता बोलता म्हणावीत अशी कितीतरी पदं आहेत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली ती लिहिली तेव्हा साकी, दिंडी, कामदा या साध्या चालीच्या छंदांत अख्खा प्रवेश गाता यायचा आणि कुणाला दहा मोजेपर्यंत सूर धरावा लागत नव्हता. दिंडी घ्या. शब्द नीट टाका. मित्रांना हसवायचंच असेल तर नाटकातले विनोदी संवादही मधे घाला.

प्रश्न: आमच्या देवळाच्या नाट्यमंडळाच्या खोलीत एक जुना पायाचा ऑर्गन आहे. ओढायच्या कळांच्या रांगेतली एक ओढली की आत काहीतरी फिरतं आणि सूर थरथरतो. ती कळ कशाची? (फोंडा, गोवा)

उत्तर: वा! ती शाबूत आहे म्हणता? तिच्यावर रोमन लिपीत 'वॉक्स ह्युमाना' असं लिहिलेलं असेल. लॅटिन आहे, अर्थ 'माणसाचा आवाज'. ऑर्गन बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं, की पत्तीच्या सुराला माणसासारखं करायचं तर तो हलला पाहिजे.

आत पत्त्यांच्या वर एक आडवी दांडी असते आणि तिला पुठ्ठ्याचं किंवा पातळ लाकडाचं पातं. कळ ओढली की भात्याच्या ओढीवर ते पातं पंख्यासारखं फिरतं, आवाजाच्या वाटेत आडवं येतं, दूर होतं, पुन्हा आडवं येतं. त्यामुळे सूर वर-खाली फारसा होत नाही, तो लहान-मोठा होतो. गळ्याच्या व्हायब्रेटोचा हा चुलतभाऊ, त्याला ट्रेमोलो म्हणतात. आणखी एक खोड आहे. पाय जोरात मारलेत की पंखाही जोरात फिरतो, म्हणजे गायक तारसप्तकात गेला आणि तुम्ही भाता वाढवलात, की सुराला थंडी वाजल्यासारखी होते. गायक खाली, ऑर्गन तापात.

मी एकदाच ती कळ ओढली, रुक्मिणीच्या एका पदाला, हौस म्हणून. पात्याचा पुठ्ठा उंदराने कुरतडलेला होता हे मला माहीत नव्हतं. सूर थरथरला नाही, नुसती फडफड झाली. दुसऱ्या रांगेतले एक आजोबा वर बघून पाकोळी शोधायला लागले.

तुम्ही खोलायचं ठरवलंत तर मागची फळी काढा, वरची नको. पातं हाताने हलकेच फिरवून बघा, दांडीच्या दोन्ही टोकांना धूळ आणि जाळी असतील ती कोरड्या ब्रशने काढा. तेल भसाभस ओतू नका, ते पत्त्यांवर उतरतं. पुठ्ठा फाटला असेल तर वहीचा जाड कव्हरपुठ्ठा त्याच मापाने कापून लावा, पण दोन्ही बाजूंचं वजन सारखं ठेवा, नाहीतर खटखट वाजेल.

आमच्या ऑर्गनचं पातं त्या रात्रीच वडिलांनी काढलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं. १९९९ला मी ऑर्गन विकला, तेव्हा घेणाऱ्याला ते द्यायचं राहून गेलं. कपाटात लोकरीच्या मोज्यांच्या मागे आहे. तुमचं माप कळवा, बसलं तर पाठवते.